पेंढ्यापासून सुरुवात करा: कोकणातल्या दुभत्या गाईंचा मिथेन खुराकातून कसा कमी करायचा

दुपारी गोठ्यात गाय रवंथ करत बसली असेल ना, तेव्हा तिच्यासमोर पाच मिनिटं शांत बसून बघा. दर एक-दोन मिनिटांनी ती आवाज न करता ढेकर देते. मिथेन बाहेर पडतो तो इथून. बऱ्याच लोकांना वाटतं की गाईचा गॅस मागून जातो, तसं नाहीये, साधारण ९५ टक्के मिथेन तोंडावाटे आणि नाकावाटे जातो कारण तो तयारच होतो कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. हे आधी सांगायचं कारण असं की कोठीपोटात काय चाललंय ते ठरतं गव्हाणीत आपण काय टाकतो त्यावर, आणि गव्हाण तर आपल्याच हातात असते.

आमच्याकडे दापोली तालुक्यात सहा संकरित गाया आहेत, थोडी भातशेती, थोडं आगर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा गोठ्याचे पत्रे उडाले आणि आजोबांनी लावलेले माड आडवे झाले. एका वादळाचं एकच कारण सांगता येत नाही हे मला कळतं, पण अरबी समुद्र तापतोय हे आता मोजून सिद्ध झालंय, आणि त्या तापण्यात मिथेनचा वाटा मोठा आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, पण २० वर्षांचा हिशोब धरला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्याच हयातीत दिसू शकतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, त्यातली बहुतेक जनावरं आपल्यासारख्या दोन-चार-सहा गुरं पाळणाऱ्यांकडेच आहेत, मोठ्या फार्मवर नाहीत. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी हिशोब, नाहीतर पुढचं काही कळणार नाही

कोठीपोटात अब्जावधी जिवाणू चारा आंबवतात. गवत-पेंढ्यातला तंतू फुटला की त्यातून मुख्यतः ॲसिटेट नावाचं आम्ल बनतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. तो साठू दिला तर आंबवणंच थांबेल, म्हणून काही खास सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेतून सोडून देते. दाणा, मका, कोवळा चारा असलं पिठूळ आणि लवकर पचणारं खाणं फुटलं की प्रोपिओनेट नावाचं दुसरं आम्ल जास्त बनतं, ते हायड्रोजन सोडत नाही, उलट वापरून टाकतं. चारा जितका जुना आणि लाकडासारखा, तितका खाल्लेल्या किलोमागे मिथेन जास्त आणि दूध कमी. सगळी गोष्ट एवढीच आहे.

आकड्यात बघा. ३८० किलोची गाय दिवसाला १० किलो कोरडा चारा खाते असं धरू (कोरडा म्हणजे पाणी वजा जाता). त्यातली साधारण ६.५ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपात उडून जाते, जगभर हाच आकडा धरतात. गणित केलं तर येतो रोजचा २१५ ग्रॅमच्या आसपास मिथेन, वर्षाला ७५-८० किलो. आणि त्या मिथेनमध्ये जी ऊर्जा आहे ती जवळपास चार लिटर दुधात असते तेवढी! आता ती सगळीच्या सगळी दुधात येणार नाही, शरीर तसं चालत नाही, पण पैसे देऊन आणलेला खुराक हवेत जातोय हे लक्षात घ्या.

आता महत्त्वाचा मुद्दा, इथे बरेच जण गोंधळतात. मिथेन दोन तऱ्हांनी मोजतात, एक गाईमागे दिवसाला किती आणि दुसरा दुधाच्या लिटरमागे किती. वरची गाय ५ लिटर देत असेल तर लिटरमागे ४३ ग्रॅम मिथेन. तीच गाय चांगल्या खुराकावर ८ लिटरवर आली तर रोजचा मिथेन २२० ग्रॅम झाला तरी लिटरमागे २७-२८ ग्रॅमवर येतो. कोकणात आपल्या गाया अर्धपोटी असतात, म्हणजे पोट भरलेलं असतं पण पेंढ्याने. त्यामुळे आपली पहिली मोठी बचत ही लिटरमागची आहे, कुठलीही पावडर न आणता मिळणारी. पावडरी, तेलं, समुद्री शेवाळ हे सगळं नंतर. मला या लेखात खरं सांगायचंय ते हेच, बाकी सगळं त्याच्या भोवती आहे.

पायरी १: आठवडाभर फक्त लिहा

काहीही बदलायच्या आधी सात दिवस वही ठेवा. एक लटकता काटा आणा, भारा मोजा, पेंढी मोजा, आंबोणाचं (पेंड-कोंड्याच्या खुराकाचं) घमेलं मोजा. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा जी "दोन किलोची" डबी आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो त्यात पेंड भरली तर वेगळं वजन आणि कोंडा भरला तर भलतंच वेगळं, कारण कोंडा हलका असतो, हे कुणी तपासलंच नव्हतं. सकाळ-संध्याकाळचं दूध गाईनुसार लिहा, डेअरीवरची फॅट आणि एसएनएफची (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) पावती चिकटवून ठेवा.

गाईचं वजन टेपने निघतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या इंचात, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ६६ आणि लांबी ५८ आली तर साधारण ३८३ किलो. गाय सपाट जागेवर सरळ उभी असताना मोजा, ओढाताण चालू असताना नाही. या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा तिला रोज लागतो.

पायरी २: पेंढा सुधारा (इथे घाई करू नका)

कोकणात गुरांचं मुख्य अन्न म्हणजे भाताचा पेंढा आणि दिवाळीनंतर कापलेलं वरकस जमिनीवरचं वाळकं गवत. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वर वाळूसारखी सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. ५ टक्क्यांच्या आतबाहेर प्रथिनं असलेल्या चाऱ्यावर कोठीपोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग पेंढा पोटात दोन-दोन दिवस पडून राहतो, हळूहळू आंबतो, मिथेन सोडत राहतो आणि गाय आणखी खाऊ शकत नाही कारण जागाच नाही.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे युरियाची प्रक्रिया. खूप जणांना युरिया म्हटलं की भीती वाटते आणि ती भीती अगदीच चुकीची नाही, म्हणून सगळं नीट वाचूनच करा.

प्रमाण: १०० किलो कोरडा पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. यात अंदाज चालत नाही, युरिया काट्यावर मोजायचा. नोव्हेंबर-डिसेंबर हा आपल्याकडचा योग्य काळ, झोडणी झालेली असते, पेंढा सुका असतो, हवा कोरडी. पावसाळ्यात हे करायच्या भानगडीत पडू नका.

खळ्यावर जाड ताडपत्री पसरा. पेंढ्याची कुट्टी करून घेतली तर उत्तम, नाहीतर पेंढ्या सोडून मोकळ्या करा. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, तळाशी एक दाणाही राहता कामा नये. वीतभर पेंढ्याचा थर लावा, झारीने पाणी समान शिंपडा, पायाने तुडवा, परत थर, परत शिंपडणं, परत तुडवणं. आत जितकी हवा कमी तितकं चांगलं. शेवटी वरून ताडपत्री घेऊन कडा मातीने किंवा चिऱ्यांनी दाबून टाका, अमोनिया बाहेर जाता कामा नये कारण तोच पेंढा मऊ करतो. २१ दिवस हात लावायचा नाही.

उघडल्यावर रंग तपकिरी-सोनेरी दिसतो आणि डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. एका बाजूने लागेल तेवढाच काढा, दोन-तीन तास पसरून वास उडू द्या, मग द्या. पहिल्या दिवशी एक किलोच, साध्या पेंढ्यात मिसळून, आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. काही गाया पहिले दोन दिवस तोंड फिरवतात, वर मूठभर कोंडा किंवा गुळाचं पाणी शिंपडलं की खातात. प्रथिनं ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि पचनही सुधारतं.

आता धोके, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. युरियाचं पाणी जनावराला कधीच, कुठल्याही परिस्थितीत पिऊ द्यायचं नाही, बादली उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा नाही. उपाशी गाईला एकदम पोटभर नाही. खाल्ल्यावर गाय थरथरायला लागली, लाळ गाळायला लागली, पोट फुगलं तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि त्यांना सांगा की युरियाचा पेंढा दिला होता, थंड पाणी आणि व्हिनेगर पाजणं हा यावरचा प्रथमोपचार आहे पण तो त्यांना फोनवर विचारून करा, चुकीच्या पद्धतीने पाजलं तर पाणी फुफ्फुसात जातं.

हे झेपणार नसेल तर निदान एवढं करा, पेंढ्याची दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करा (पीठ नको, तंतू लागतोच), रात्री पाणी शिंपडून मऊ करून ठेवा आणि त्यासोबत हिरवा पाला द्या. आणि काळा पडलेला, बुरशी आलेला पेंढा कितीही वाईट वाटलं तरी गव्हाणीत टाकू नका, खताच्या खड्ड्यात टाका. आपल्या दमट हवेत हा रोजचा प्रश्न आहे आणि बुरशीचं विष थेट दुधात उतरतं.

गवत कधी कापायचं, यावर घरात वाद होतो

आमच्याकडेही झाला. बाबा म्हणायचे गवत दिवाळीनंतरच कापायचं, चांगलं वाळतं, गंजी टिकते. खरं आहे. पण तोपर्यंत बी गळून गेलेलं असतं आणि उरतं ते काड. फुलोऱ्यावर असताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापलं तर प्रथिनं जास्त, पचायला सोपं, म्हणजे मिथेनही कमी. अडचण एकच, तेव्हा परतीचा पाऊस कधी येईल भरवसा नाही. आम्ही आता मध्यममार्ग काढलाय, एक तुकडा लवकर कापतो, जिथे उघडीप सलग तीन-चार दिवसांची दिसते तेव्हा, आणि ते गवत खास व्यायलेल्या गाईंसाठी वेगळं माळ्यावर ठेवतो, बाकीचं नेहमीच्या वेळेला. बाबांना पण ते गवत बघूनच पटलं, हिरवट राहतं आणि गाया ते आधी संपवतात.

पायरी ३: हिरवा चारा बारा महिने

संकरित नेपियरचे चार-पाच गुंठे असले तरी दोन-तीन गायांना मोठा आधार होतो. डीएचएन-६, फुले जयवंत, सीओ-४ असे वाण मिळतात, बेणं म्हणजे दोन-तीन डोळ्यांची कांडी. जूनच्या अखेरीस तीन फूट बाय दोन फुटावर लावा. आपली जांभी जमीन अन्नद्रव्य धरून ठेवत नाही, त्यामुळे शेणखत भरपूर आणि प्रत्येक कापणीनंतर स्लरी. पहिली कापणी ६०-७० दिवसांनी, मग दर ४०-४५ दिवसांनी. लोक इथेच चुकतात, डोक्यावर गवत गेलं की छान वाटतं पण खोड लाकूड झालेलं असतं, गाय पानं खाते आणि दांडे सोडते. छाती-कमरेच्या मध्ये असतानाच कापा. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते तिथे न्हाणीघराचं आणि गोठा धुतलेलं पाणी पाट काढून त्याच तुकड्याला द्या. खलाटीत, जिथे पाणी साचतं तिथे नेपियर सडतो, तिथे पॅरा गवत लावा.

शेंगवर्गीय पाला हा मिथेनच्या दृष्टीने जास्त मोलाचा. आपल्याकडे भात कापल्यावर ओलीवर वाल, कुळीथ, चवळी होतेच, त्यांचा भुसा विकू किंवा जाळू नका, पेंढ्यापेक्षा तो कितीतरी सरस आहे. कुंपणाला गिरिपुष्प असतोच, आपण तो फक्त हिरवळीच्या खतासाठी वापरतो. त्याच्या पाल्यात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. ताजा पाला गाय वासामुळे खात नाही, फांद्या आदल्या संध्याकाळी तोडून रात्रभर सुकवल्या की खाते, दिवसाला ३-४ किलोपासून सुरुवात करा. शेवरी, हदगा चांगलेच. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा, त्यातल्या मिमोसिनने जास्त झालं तर केस गळतात, थायरॉइड बिघडतं. फणसाची पानं म्हशी-शेळ्या आवडीने खातात, गाईलाही थोडी चालतात.

मुरघास करणार असाल तर मका चिकात, दाणा दाबला की घट्ट दूध निघतं त्या अवस्थेत कापा. ओला नेपियर तसाच भरला तर आपल्याकडे हमखास सडतो, एक दिवस सुकवून, थोडा गूळ किंवा मळी घालून भरा. ड्रममध्ये किंवा जाड पिशवीत ठासून, ४५ दिवस बंद.

पायरी ४: खोबऱ्याची पेंड आणि कोंडा, आपल्या घरचं औषध

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे कोकणाला निसर्गाने हात दिलाय. चाऱ्यात स्निग्ध पदार्थ वाढवले की मिथेन कमी होतो, साधारण दर एक टक्का वाढीला ३.५ ते ५ टक्के. आणि सगळ्या तेलांमध्ये खोबरेल यात सगळ्यात प्रभावी तेलांपैकी आहे कारण त्यातलं लॉरिक आम्ल मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आणि ज्यांच्या अंगावर ते चिकटून राहतात त्या प्रोटोझोआंना (एकपेशीय जीवांना), दोघांनाही मारतं. म्हणून तेल ओतायचं का? नाही. तेल महाग आहे आणि एकदम दिलं तर तंतू पचवणारे जिवाणूपण आडवे होतात. घाण्यावरची खोबऱ्याची पेंड वापरा, तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास तेल उरलेलं असतं आणि प्रथिनं २०-२२ टक्के. सोबत गिरणीतला तांदळाचा बारीक कोंडा, ज्याला पॉलिश म्हणतात, त्यात १२-१५ टक्के तेल असतं. (तेल काढलेला कोंडा वेगळा, तो घेताना विचारून घ्या, आणि तूस मिसळलेला जाड कोंडा तर नकोच.)

एक किलो पेंड आणि एक किलो पॉलिश म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तेल झालं. ज्या खुराकाऐवजी हे दिलं त्यातही थोडं तेल होतंच, ते वजा केलं तर १० किलो कोरड्या चाऱ्यावर दीड टक्क्याच्या वर वाढ धरा, म्हणजे गाईमागे मिथेनमध्ये ५ ते ७ टक्के घट. मोठा आकडा वाटत नाही, पण हे रोज होतं आणि वेगळा पैसा लागत नाही. एकूण चाऱ्यात तेल ६ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

मी पहिल्या वर्षी घाई केली होती. पेंड स्वस्त मिळाली म्हणून एका गाईला एकदम अडीच किलो चालू केली, चार दिवसांत शेण पातळ, खाणं कमी आणि फॅट घसरली. तिला सावरायला पंधरा दिवस गेले, फार वाईट वाटलं मला तिच्याकडे बघून. तेव्हापासून नियम एकच, कुठलाही नवा खुराक पाव किलोने सुरू आणि दहा-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर. पेंड आणि कोंडा दोन्ही पावसाळ्यात खवट होतात, बुरशी धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरताच माल आणा, लाकडी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

चिंचोक्याची साल आणि टॅनिन

काही झाडांतल्या टॅनिनमुळेही (तुरट चव देणारं द्रव्य, चिंचोक्याच्या सालीतही असतं) मिथेन कमी होतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींचा वापर करून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलंय, मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो असं त्यांनी सांगितलंय, आणि ते तीन महिन्यांवरच्या, कोठीपोट पूर्ण चालू झालेल्या जनावरांनाच द्यायचं असतं. तुमच्यापर्यंत पोचलं तर पाकिटावरची मात्रा सोडून जाऊ नका. घरी चिंचोके दळून अंदाजाने द्यायला जाऊ नका, टॅनिन जास्त झालं तर ते प्रथिनांनाच बांधून ठेवतं आणि दूध कमी होतं. सुबाभूळ, फणस या पाल्यातून थोडं टॅनिन मिळतंच.

एका गाईचं पान, नमुना म्हणून

३८० किलो, ८ लिटर दूध, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आमच्याकडे हिवाळ्यात साधारण असं असतं:

नेपियर कुट्टी २० किलो, सुकवलेला गिरिपुष्प किंवा शेवरी ४ किलो, युरिया प्रक्रियेचा पेंढा साडेतीन किलो. आंबोणात खोबऱ्याची पेंड १ किलो, पॉलिश १ किलो, मक्याचा भरडा सव्वा किलो, शेंगदाणा पेंड पाऊण किलो. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. पाणी दिवसभर समोर.

कोरडं धरलं तर हे साडेदहा किलोच्या थोडं वर जातं, प्रथिनं १३ टक्क्यांच्या आसपास, तेल ४ टक्क्यांच्या जरा वर. खनिज मिश्रण टाळू नका, पेंढा आणि नेपियर दोन्हीत ऑक्झलेट आहे. आंबोण दोन नाही तर तीन वेळा विभागून, आणि आधी चारा मग आंबोण.

तुमच्या गाईसाठी हे जसंच्या तसं उतरवू नका. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेत (२०११-१२ ते २०१८-१९) संतुलित आहाराचा कार्यक्रम गावोगाव राबवला तेव्हा हेच केलं होतं, तिथे मिळणाऱ्या चाऱ्यातूनच प्रत्येक गाईचा हिशोब मांडायचा. त्यात खर्च कमी झाला आणि लिटरमागे मिथेनही दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला. दापोलीला आपलं कोकण कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी आहेत, वही घेऊन जा. वही असली की माणसं वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

गावठी गाय असेल तर गणित वेगळं. आपल्या 'कोकण कपिला'ची २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ती लहान चणीची, डोंगरात चरून राहणारी, तिला वरचा खुराक घातला तर नुसती सुटेल. तिला खनिज मिश्रण, थोडा शेंगवर्गीय पाला आणि वेळेवर गाभ जाणं एवढं पुरतं.

हे करू नका

भाट्ये, गणपतीपुळे, मिऱ्या, कुठल्याही किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करून गाईला घालू नका. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात म्हणून सांगतोय. ज्या शेवाळाने प्रयोगांत मिथेन खूप कमी झाला ते ॲस्परागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ, ऑस्ट्रेलियात त्यावर मोठं काम झालं, त्यातलं ब्रोमोफॉर्म हे रसायन काम करतं आणि त्याची मात्रा ग्रॅममध्ये मोजून देतात. आपल्या किनाऱ्यावर वाहून येतं ते बहुतेक वेगळंच असतं, त्यात मीठ, आयोडीन आणि बंदराजवळ असेल तर जड धातू. ते सगळं दुधात जाईल आणि दूध मुलं पितात.

३-एनओपी नावाचं रसायन युरोप-अमेरिकेत मंजूर आहे, मिथेन ३० टक्क्यांच्या आसपास कमी करतं, पण ते पोटात काही तासांतच संपतं, त्यामुळे प्रत्येक घासात मिसळलेलं असावं लागतं. दिवसभर सगळं एकत्र कालवून खाणाऱ्या मोठ्या गोठ्यांसाठी ते ठीक आहे, आपल्या चरायला जाणाऱ्या गाईसाठी नाही.

दाणा वाढवला की मिथेन कमी होतो हे खरं असलं तरी चाऱ्याला ६० आणि खुराकाला ४० ही मर्यादा ओलांडू नका. उरलेला भात, पेज, मे महिन्यात आंब्याच्या साली आणि फणसाची चारखंडं पाटीभर एकदम टाकायची आपल्याकडे सवय आहे, त्याने पोटात आम्ल होतं आणि गाय दगावूसुद्धा शकते. थोडं-थोडं, तेही चारा खाल्ल्यावर.

आणि भाकड गाय. दूध शून्य, मिथेन चालूच. वेळेवर माज ओळखणं, वेळेवर रेतन, जंतनिर्मूलन, कालवडीला पहिल्यापासून नीट खायला घालून लवकर गाभ जाईल असं बघणं, यातून लिटरमागचा मिथेन जितका वाचतो तितका कुठल्याच पुडीने वाचत नाही.

पायरी ५: चालतंय का ते कसं कळणार

मिथेन मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण गाय सांगते. बसलेल्या गायांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात, एका घासाला ५०-६० वेळा चावणं. मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा, लांब काड्या आणि आख्खे मक्याचे दाणे दिसले तर चारा न पचता जातोय. शेण पातळ आणि फेसाळ असेल तर खुराक जास्त झालाय, एक किलो कमी करा आणि पेंढा वाढवा. फॅट अचानक घसरली तर तेल किंवा दाणा जास्त, आणि दर पंधरा दिवसांनी वहीत एकच भागाकार करा, एकूण कोरडा चारा भागिले दूध. आमच्या दोन गायांचं हे उत्तर पहिल्या हिवाळ्यात २ वरून दीडच्या खाली आलं. हा आकडा उतरला की लिटरमागचा मिथेन उतरतोच, वेगळं मोजायची गरज नाही.

शेवटचं, जूनमधल्या बदलाचं. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत सगळीकडे कोवळं गवत येतं आणि आपण गुरं सोडून देतो, मेअखेरपर्यंत पेंढ्यावर असलेलं पोट एकदम पाणीदार गवतावर येतं, पोट फुगतं, जुलाब होतात, दूध आठवडाभर खाली जातं. त्यामुळे पावसाळ्यासाठी प्रत्येक गाईमागे पेंढ्याच्या थोड्या पेंढ्या माळ्यावर राखून ठेवा, जूनचे पहिले दोन आठवडे सकाळी दोन-तीन किलो कोरडा पेंढा खाऊ घालून मगच दावं सोडा, आणि चरायचा वेळ पहिल्या दिवशी एक तास, मग रोज अर्धा-अर्धा तास वाढवत न्या.